दऱ्या

गायधनी सरांनी प्रूफ टेबलावर ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला.
"विशाखाबाई, अंजनेरीला समुद्र कधी आला?"

छापलं होतं: दर्याखोर्यांतल्या पायवाटा.
मी टाइप केलं होतं दऱ्याखोऱ्यांतल्या.
अर्ध्या र ची ती आडवी रेघ,
प्रेसमध्ये आम्ही तिला पापणी म्हणतो.
दोन्ही पापण्या गळाल्या होत्या
माझ्या कीबोर्डवरून पीडीएफपर्यंत येताना.

खैरनार मालक म्हणाले, फुकटचं सॉफ्टवेअर,
तक्रार कोणाकडे करणार?
हातानं दुरुस्त कर आणि दे पाठवून.
दिलं.
पण गेल्या लग्नसराईत हातानं किती वऱ्हाडं दुरुस्त केली
ते माझं मला माहीत.

बी.सी.एस. अर्ध्यात सोडून आठ वर्षं झालेली.
सातपूरला घरी येऊन आधी कुकर उतरवला,
मग कोड उतरवून घेतला.
चालेना. वीज गेली. आली. चालेना.
दीड वाजता चालला.
सापडली: ओळ चारशे अठरा.
अक्षराखालचं टिंब धूळ समजून
झाडून टाकणारं एक फंक्शन,
कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं,
चांगल्या मनानंच.

मी झाडू काढून घेतला.
आणि आलेच आहे तर म्हणून
अख्खी फाइल आवरली, रकाने सरळ केले,
पाहुणी गेली आणि लोकांची फडताळं लावून आली, तसं.

तिसऱ्या दिवशी योनासचं उत्तर,
कुठल्याशा थंड गावातून:
"दोनशे बारा ओळी बदलल्यात.
यातली दुरुस्ती कुठली?"

राग आला.
बुधवारी गंगेवरच्या बाजारात
मेथीच्या जुड्या सोडून सोडून बघत होते,
तेव्हाही होताच.
बाई म्हणाली, ताई, पूर्ण पाटी नका विस्कटू,
हवी ती जुडी उचला.

रात्री दोनच ओळी पाठवल्या.

"छान. आता टेस्ट लिही.
मला ही लिपी वाचता येत नाही.
तू नसशील तेव्हा कुणी हे पुन्हा मोडलं,
तर आम्हाला कळणार कसं?"

तू नसशील तेव्हा.
भाजी चिरताना हे वाक्य दोनदा आठवलं.

मग लिहिली टेस्ट.
दऱ्या आत गेल्या तर दऱ्याच बाहेर याव्यात.
दर्या गेला तर दर्या.
वऱ्हाड, सुऱ्या, कोऱ्या वह्या, सगळे एकेक करून आत सोडले.
फरक काय, हेही लिहिलं, डिक्शनरी उघडून, इंग्रजीत:
एकात पाणी असतं.
दुसऱ्यांत, आमच्याकडे, बहुतेक धुकं.

नंतर काहीच नाही.
छाटणी झाली, द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं छापून झाली,
पेट्याही गेल्या.
रोज बघू नये म्हणतात. मी रोज बघितलं.

टोनर बदलत होते, हात काळे,
तेव्हा हिरवी खूण दिसली. "घेतलं. धन्यवाद."
मालकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मिळाले किती?
काही नाही म्हटल्यावर जरा वेळ गप्प बसले,
मग मिसळ सांगितली, जादा पाव घालून.

चैत्रात पोखऱ्याहून एक डम्बर गुरुङ:
आमचं गर्‍यो अजून मोडतंय.
आमच्याकडे टिंब नाही,
आमची पापणी एका न दिसणाऱ्या चिन्हावर उभी आहे,
रुंदी शून्य, काम फक्त धरून ठेवायचं.
तुमच्याच फाइलमध्ये, वीस ओळी खाली,
दुसरा झाडू आहे.

मी त्या ओळींवरून किती वेळा गेले होते.

सोबत त्याचा पॅच.
तीनशे चाळीस ओळी, अख्खी फाइल आवरलेली.
खाली योनास: "विशाखा, तू बघतेस का?"

मी टाइप केलं, यातली दुरुस्ती कुठली?
खोडलं.
पुन्हा लिहिलं:
बघते. जुडी सोडवू आपण.
आधी मला सांग,
गर्‍यो हा शब्द तुमच्याकडे म्हणतात कसा?